काठोकाठ ग्लास

माझ्या वडिलांचा कंपवात पायापासून सुरू झाला होता. आधी उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला, मग पाय, मग हात, आणि शेवटची सात वर्षं ते गावाकडे नेसरीच्या घरी खाटेवर होते. पाण्याचा पेला हातात दिला की अर्धं पाणी छातीवर सांडायचं. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी माझे पाय संध्याकाळी गप्प बसेनासे झाले, तेव्हा मी जे समजायचं ते समजून गेले.

मी शाळेत गणित शिकवते. फळ्यापुढे उभी असले की काही होत नसे. पण शाळा सुटल्यावर बैठक असली आणि खुर्चीत बसावं लागलं, की दहाव्या मिनिटाला पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. खाज म्हणावी तर खाजवायला जागा नाही. पाय झटकला की बरं वाटे, थांबवला की पुन्हा सुरू. मुख्याध्यापक एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, कुठं पळून जायचंय काय तुम्हाला?" सगळे हसले, मीही हसले. घरी येताना बसमध्ये रिकामी जागा असून उभी राहिले आणि दांडा धरलेल्या माझ्या हाताकडे टक लावून बघत राहिले.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर खरं होईल, अशी वेडी भीती. गणिताची बाई असला विचार करते याची लाजही वाटायची, पण भीती काही वर्गातली पोरगी नाही, डोळे वटारले की गप्प बसायला.

शेवटी नवऱ्यानंच डॉक्टरांकडे नेलं. चोवीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाला पाय कळणारच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की शरीरातला लोहाचा साठा फार कमी झालाय, त्यानं पाय असे अस्वस्थ होतात. रक्तवाढीच्या गोळ्या घ्या, जेवणावर लगेच चहा नको, संध्याकाळी चाला, पोटऱ्यांना ताण द्या, झोपायची वेळ पाळा. वडिलांबद्दलचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना! नवऱ्यानंही विचारलं नाही. मला वाटलं, त्याच्या ध्यानातच नाही.

आता कोल्हापूरच्या माणसाला ताकदीचं काही सांगितलं की त्याला एकच औषध आठवतं. "पाण्यासंगं गोळी घिऊन काय हुणार हाय? दुधासंगं घे की," नवरा म्हणाला, आणि रोज संध्याकाळी फिरणं म्हणून आमची स्कूटर दूध कट्ट्यावर जाऊन थांबायला लागली. तिथं म्हैस समोर उभी असते, डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. माझा ग्लास गवळी काठोकाठ भरायचा. "वैनी, दमानं, सांडंल," म्हणायचा. मी गोळी तोंडात टाकून ते कोमट दूध प्यायची आणि नवरा समोर उभा राहून शेवटच्या घोटापर्यंत बघत राहायचा. एरवी हा माणूस कट्ट्यावर चार जणांशी गप्पा मारल्याशिवाय हलत नाही. मी अर्धं दूध टाकीन म्हणून पहारा आहे, असं मला वाटायचं. रागही यायचा.

तीन महिने झाले, पाय तसेच. उलट जास्तच. मग माझी खात्री पटली. औषधाला दाद देत नाही म्हणजे हे ते दुसरंच. वडिलांचं अक्षर आजारात बारीक होत गेलं होतं, म्हणून मी वर्ग रिकामा झाला की मागच्या बाकापर्यंत जाऊन फळ्यावरचे माझे आकडे बघायची. लहान झालेत का? रोज वाटायचं, झालेत. डबा न खाता परत आणायला लागले.

पुन्हा रक्त तपासलं. लोह होतं तिथंच. "गोळ्या घेताय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज. माझ्या डोळ्यासमोर घेते," नवरा दुखावून म्हणाला.

"कशाबरोबर?"

"कट्ट्यावरच्या दुधासंगं!" हे त्यानं अशा थाटात सांगितलं, की मलाही क्षणभर अभिमान वाटला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. दूध लोह अंगी लागू देत नाही, म्हणाल्या. दूध वेगळ्या वेळी, गोळी लिंबूपाण्याबरोबर. तेव्हा मात्र माझा बांध फुटला आणि मी वडिलांचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला हात पुढे धरायला लावले, बोटं मिटायला-उघडायला लावली, खोलीत चालवलं. मग म्हणाल्या, "हे ते नाही."

लिंबूपाण्यानं पुढच्या दोन-अडीच महिन्यांत पाय बरेच शांत झाले. बैठकीत मी आता बसते, फार कंटाळा आला तरच पळावंसं वाटतं. पण दवाखान्यातून निघालो त्या संध्याकाळी मला बाईंचं बोलणं अजून पुरतं खरं वाटत नव्हतं.

घरी जाताना कट्ट्याशी येऊन नवऱ्यानं सवयीनं स्कूटर थांबवली. गवळ्यानं सवयीनं ग्लास भरला.

"अहो, दूध आता गोळीबरोबर नको," मी म्हटलं.

"पिऊ नको. नुसता धर."

"का?"

तो म्हशीकडे बघत म्हणाला, "तुझ्या बाबांना मी पाणी पाजायचो. पेला धरताना त्यांचा हात कसा व्हायचा, ठावं हाय मला. काठोकाठ भर म्हणून ह्याला मीच सांगितलं हुतं. तीन महिनं रोज तुझा हात बघतोय. एक थेंब सांडला न्हाईस."

मी ग्लास हातात घेतला. तो थरथरला आणि दूध माझ्या मनगटावरून खाली ओघळलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो," मी घाईघाईनं म्हटलं, "मी नुसती रडतेय."