गोटी मॅडम आणि शेजारची जिन

गोटी मॅडमच्या प्रयोगशाळेत शिंकायची सोय नव्हती. शिंक आलीच तर व्हरांड्यात पळायचं, तेही पाय न वाजवता. खामगावकडच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. खरं नाव शमीम. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या गोट्या बनवतात म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

गोट्या प्लास्टिकच्या, पण वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या. ते एका द्रवात विरघळवायचं आणि ती उघडी कुपी दुसरा द्रव असलेल्या मोठ्या बाटलीत ठेवून बाटलीला झाकण लावायचं. बाहेरच्या द्रवाची वाफ हळूहळू कुपीत शिरते आणि प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या आपोआप जवळ येऊन गोटी होते. ती नीट गोल असली तर आत शिरलेला प्रकाश कडेकडेनं फिरत राहतो. त्यातून पुढे इवलेसे लेसर करता येतात. आपल्या हाती फक्त थांबणं. मी झाकणाला हात लावला की मॅडम म्हणत, "सबर कर. त्याईचं त्याईले करू दे. तू काऊन मधात पडून राह्यली?"

त्यांचे वडील पिंजारी. "अब्बानं जिंदगीभर कापूस मोकळा केला, मी गोळा करून राह्यली," हे त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत, आणि तो हसला नाही तर पुन्हा सांगत.

आमच्या गोट्या मात्र गोल येईनात. कधी बटाटे, कधी एकमेकींना चिकटलेल्या. गोल झाल्याशिवाय माझा प्रबंध उभा राहणार नव्हता. आम्ही द्रव बदलले, कुप्या बदलल्या. मॅडम माझ्यावर चिडत, पंख्यावर चिडत, एकदा तर शिपायाच्या चपलांवर चिडल्या. उन्हाळ्यात द्रव भराभर उडून जाई, म्हणून आमचं काम हिवाळ्यातच चाले.

मग ते साल आलं. बीटीचं बियाणं आल्यावर बोंडअळीची कटकट मिटली असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या साली गुलाबी अळी बोंडांच्या आतच जाऊन बसली. पिंपळगाव राजा या आमच्या गावी माझ्या बाबांनी उभ्या पराटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, नांगर घातला. कॉलेजच्या भिंतीला लागून जिन होती, कापसातली सरकी वेगळी काढणारी; ती ऐन हंगामात बंद राहिली. आणि आमच्या गोट्या गोल आल्या, एकूण एक.

सूक्ष्मदर्शकातून पाहून मी टाळी वाजवली. मॅडमनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. भिंत गप्प होती. जिनची थरथर दर हिवाळ्यात आमच्या टेबलापर्यंत येत होती आणि सवयीमुळे ती कुणाला जाणवलीच नव्हती.

विभागप्रमुख खूश झाले. जिन अजून एखादं साल अशीच राहिली तर तुमचं सगळं काम उरकेल, म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरचं त्यांना माहीत होतं. मग शांतपणे म्हणाल्या, "अशा गोट्या मले नाही पाहिजेत, सर. जिन चालू असतानी येतील, त्याच खऱ्या."

त्या गोट्या त्यांनी मला प्रबंधात घालू दिल्या नाहीत. मला रागही आला आणि रडूही. पण दोनच दिवसांनी त्या दोर आणि फळी घेऊन हजर. अब्बांची पिंजायची कमान छताला टांगलेली असे. ती दिवसभर दणदणली तरी घराची भिंत हलत नसे. तशीच मॅडमनी फळी छताला टांगली, तिच्यावर कापसाची जाड गादी घातली आणि गादीवर कुप्या मांडल्या.

पुढच्या हंगामात कापूस बरा आला. जिन सकाळपासून धडधडत होती. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि गोल, गोल म्हणत राहिले. मॅडम आधी खिडकीकडे गेल्या. कायम बंद असणारी ती खिडकी त्यांनी सताड उघडली, जिनचा आवाज आत घेतला आणि म्हणाल्या, "हाव, आता दाखव."

माझा प्रबंध त्या गोट्यांवर झाला. आज माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, थरथर शोषणारं महागडं टेबल आहे, आणि नव्या मुलांना मी तोच सबर शिकवते.

मॅडम मागच्या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्या घरून परतताना मी कॉलेजात शिरले. फळी अजून तिथेच टांगलेली आहे. मी भिंतीवर तळहात ठेवला. भिंत थरथरत होती. मला फार बरं वाटलं.