चारचौघींत खाल्लेली गोळी

मालकीणबाईनं माझी पिशवी संत्र्यांच्या ढिगावर उलटी केली. भाकरीचं फडकं पडलं, कंगवा पडला, पोरीचं झबलं पडलं आणि शेवटी गोळ्यांचं पाकीट. ते तिनं दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसं, आणि शेडातल्या वीस-पंचवीस बायांना फिरवून दाखवलं.

"पाहा वं बायाहो. काल याचंच रिकामं पाकीट कचऱ्यात भेटलं मले. भाच्याच्या मेडिकलमंदी विचारलं. पागलची गोळी हाय हे. हे बाई पागलची गोळी खाऊन माझ्या मालाले हात लावून राहिली."

मी हात पुढं केला. "द्या मालकीणबाई. औषध हाय माझं."

तिनं थोबाडीत मारली. अंगठीचा खडा गालाला लागला, रक्त आलं. मी ते पदरानं पुसलं आणि खाली वाकून सामान गोळा करायला लागले. मारल्याचा राग येतोच. पण त्या वाकण्याचा त्याहून जास्त येतो.

झालं होतं असं की आमच्या शेडातून गेलेली एक गाडी दिल्लीच्या मंडीत सडकी निघाली होती. संत्र्याच्या सालीला नुसतं नख लागलं तरी तिथं बुरशी धरते, आणि एक फळ अख्खं कॅरेट घेऊन बसतं. म्हणून आम्ही बाया माल छाटायला, म्हणजे चांगला-सडका वेगळा करायला, बसायच्या आधी नखं कापतो. माझी नखं मुळापर्यंत कापलेली होती. तिनं माझी बोटं पाहिलीच नाहीत. गाडी का सडली हे तिला शोधायचं नव्हतं. तिला एक सडकी बाई पाहिजे होती, ती सापडली.

"तिकडं बस. सडक्यात."

बाजूला काढलेल्या मालाचा ढीग शेडाच्या बाहेर, मोरीजवळ. माशा घोंगावत होत्या. तिथं मी दिवसभर बसले. दुपारी माठाकडे गेले तर ती दुसऱ्या बाईला म्हणाली, "तिले वरून टाक." मी ओंजळ धरली. पाणी वरून पडलं. माझी आजी अशीच प्यायची. आम्ही धम्म घेतला, मी बारावी शिकले, आणि माझी ओंजळ फिरून तिथंच. या वेळी जात कोणी काढली नाही. काढायची गरज नव्हती, आजार होता ना हाताशी. पाणी टाकणारी बाई आमच्याच मोहल्ल्यातली होती. हेही लिहून ठेवते.

आता आजाराचं सांगते.

रामाकोन्याला माझं माहेर. पहिलं बाळंतपण तिकडंच झालं. पोरगी झाली, धडधाकट. सगळे हसत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. आधी समजले, थकवा आहे. सव्वा महिन्यानं सासरी पांढुर्ण्याला आले. पोरगी रडायची आणि ते रडणं शेजारच्या घरातून येतंय असं वाटायचं. दूध गळून झंपर ओला व्हायचा आणि मी न्हाणीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. झोप नाही, भूक नाही, वेणीफणी नाही. डोक्यात एकच, ही पोरगी दुसऱ्या कोणाच्या पोटी गेली असती तर वाचली असती. असले विचार येतात म्हणून मी स्वतःच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची.

सासू म्हणाली, "बाहेरचं लागलं." नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्याला घरात शांतता पाहिजे होती, कशीही.

आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आहे. दर पौर्णिमेला सासू पांढरं लुगडं नेसून विहारात जाते, वंदनेत तिचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. तिच्या सासऱ्यानं घरातले देव पोत्यात भरून जाम नदीत सोडले होते, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्याच सासूनं मला बोरगावच्या पलीकडं एका भगताकडे नेलं. मोहल्ल्यात सांगितलं, सौसरला पाहुणपणाला जातो. आपल्या लोकांना दिसू नये म्हणून टोपलीतल्या नारळावर पोरीचं दुपटं टाकलं होतं.

भगतानं मिरचीची धुरी दिली. मी खोकत खोकत ओकले. मग त्यानं विचारलं, "कोण हायस तू?" मी माझं नाव सांगितलं. त्यानं झाडूनं मारलं. परत विचारलं. परत माझंच नाव सांगितलं. परत मारलं. पाठीवर, मांड्यांवर, दुधानं ठणकणाऱ्या छातीवर. शेवटी मी गावातल्या एका मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तेव्हा तो थांबला. सासू रडत रडत म्हणाली, "निघाली. निघाली." हा सगळा वेळ माझे दोन्ही हात माझ्या नवऱ्यानं मागून धरले होते.

आठ दिवसांनी पोरीच्या लसीचं सांगायला आमच्या वॉर्डातली आशा दीदी घरी आली. तिनं माझ्या दंडावरचे वळ पाहिले. सासूला चहा ठेवायला आत पाठवलं आणि मला विचारलं, "मरावं वाटते का वं तुले?" तोवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "व्हय." ती सासूला म्हणाली, "इचं रक्त कमी हाय, नागपूरले तपासाले नेतो." तोंडावर खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गाडीत बसली.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. तिनं पाऊण तास ऐकलं. मग म्हणाली, "हे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे. हा आजार आहे. तुमचा स्वभाव नाही आणि तुमचं पापही नाही. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही. दर महिन्याला यायचं." मी विचारलं, अंगावर पाजू का. ती म्हणाली, "पाजा. ते पाहूनच गोळी दिली आहे."

चौथ्या आठवड्यात एका सकाळी पोरीनं जांभई दिली आणि मला हसू आलं. एवढंच. चुलीजवळ बसून मी पोटभर रडले.

पोरगी सात महिन्यांची झाली तशी मी संत्र्याच्या शेडात लागले. गोळी दुपारी, शेडाच्या मागं जाऊन खायची. चोरून. घरी सासूपासून चोरून, इथं बायांपासून चोरून. लपवलं की दुसऱ्याला वाटतं, हिनं काही तरी केलंच असेल. माझी पहिली चूक ती. दुसरी त्याहून मोठी. थोबाडीत खाऊन घरी आले त्या दिवशी नवरा म्हणाला, "बरी तं झाली तू. आता कायले खाऊन राहिली त्या गोळ्या? गावभर बोंब करून ठेवली." मी पाकीट चुलीत टाकलं. कोणी हिसकावलं नाही. मीच टाकलं.

पंधरा-वीस दिवसांत सगळं फिरून आलं, दुप्पट होऊन. एका दुपारी मी वावरातल्या विहिरीच्या काठावर उभी होते, पोरगी कडेवर. तिथं कशी आले, किती वेळ उभी होते, काहीच ठाऊक नाही. पोरीनं माझ्या कानातलं धरून ओढलं. कानाची पाळी दुखली तशी मी भानावर आले. तिथून पळत सुटले ती थेट आशा दीदीच्या दारात. म्हणाले, "मी गोळी बंद केली. मले नागपूरले ने." तिनं मला दोन शिव्या हासडल्या आणि पायात चप्पल घातली.

डॉक्टरीण रागावली नाही. म्हणाली, पुन्हा सुरू करू, आणि या वेळी कमीत कमी वर्षभर. मी महिनाभर घरीच राहिले. मग शेडात गेले.

मालकीणबाई मला पाहून म्हणाली, "आली का पागल? सडक्यात बस."

मी चांगल्या मालाच्या ढिगाशी जाऊन बसले. जेवायच्या वेळी सगळ्या बायांच्या मधोमध पाकीट काढलं. गोळी तळहातावर घेतली, उठून माठातून स्वतःच्या हातानं ग्लास भरला आणि गोळी खाल्ली.

ती धावत आली. "माठ बाटवला हिनं. फोडा तो माठ."

"फोडा," मी म्हणाले. "पण आधी आयका. गाडी माझ्या हातानं नाई सडली. दहिवरात तोडला होता तो माल. ट्रक उभा हाय, थांबू नोका, असं तुमीच म्हणलं होतं. ओला माल भरला तुमी. या साऱ्या बायाइले माहीत हाय."

खरंच सगळ्यांना माहीत होतं. सकाळचं दहिवर, म्हणजे फळावरचं दव, उन्हानं सुकल्याशिवाय संत्रा तोडत नाहीत. ओलं फळ कॅरेटात गेलं की सडणारच. आमच्या भागात हे शेंबडं पोरही सांगेल. पहिल्या दिवशी हे माझ्या तोंडाशी आलं होतं आणि मी गिळलं होतं.

तिनं हात उचलला. मी तो वरच्या वर धरला आणि पिरगाळला. तिच्या काचेच्या बांगड्या फुटल्या, तिच्या मनगटात घुसल्या, माझ्या तळहातात घुसल्या. ती ओरडली. मी सोडलं नाही. मला तिचं मनगट मोडायचं होतं. आणि ती इच्छा आजारातून आलेली नव्हती. दोन्हीतला फरक मला आता कळतो. आजारात मी स्वतःला मारायला निघते. मग मी हात सोडला, माझ्या मर्जीनं.

बाया बसून होत्या. एकही उठली नाही, ना तिच्याकडून, ना माझ्याकडून. काम गेलं.

घरी माझ्याआधी बातमी पोचली होती. सासू म्हणाली, "फिरून अंगात आली. या अमावस्येले नेऊ." नवरा उठला आणि माझा दंड धरायला पुढं आला. मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं.

"हात लावून पाहा. जाळून टाकीन." मग सासूकडे वळले. "आई, तुमी मले भगताकडं नेलं हे पुनवेले विहारात उभी राहून सांगीन मी."

नवरा जाळाला भ्याला. सासू जाळाला भ्याली नाही, विहाराला भ्याली. मटकन खाली बसली. हात जोडून म्हणाली, "नोको सांगू माय. नाक कापलं जाईन."

पौर्णिमेला मी सांगितलं. वंदना झाल्यावर उभी राहिले आणि भगत, धुरी, झाडू, कोणी हात धरले, सगळं सांगितलं. आजाराचं नावही सांगितलं आणि गोळी चालू आहे हेही. एक म्हातारे म्हणाले, "घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्या बाई." मी म्हणाले, "घरातच मारलं होतं मले, बाबा." सभा तशीच उठली. त्या आठवड्यात दोन बाया वेगवेगळ्या वेळी आमच्या घरी आल्या आणि दार लोटून घेऊन मला आपल्या पाठीवरचे वळ दाखवून गेल्या.

मी अजून बरी झालेली नाही. काही सकाळी आजही अंथरुणातून उठवत नाही, पोरगी हाक मारते आणि माझं तोंड उघडत नाही. आता कापूस वेचायला जाते. सासू माझ्याशी बोलत नाही. नवरा बोलतो, पण लांबून. महिन्यातून एकदा पोरीला घेऊन नागपूरची गाडी पकडते. डॉक्टरीण म्हणते, अजून आठ महिने. आठ तर आठ. पुढं आणखी वर्ष म्हणाली तर आणखी वर्ष. माझ्या औषधाला जो हात लावेल त्याचा हात मी मोडीन, मालकाचा असो की नवऱ्याचा. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. औषध चालू आहे, डोकं जागेवर आहे, आणि पूर्ण विचार करून लिहिते आहे.