पाणी न लागणारं इंजिन

अण्णा गेल्याचा निरोप महाडला आला, तेव्हा मी पोलादपूरला त्याच्याकडेच निघाले होते. माझा थोरला भाऊ, पण आठवतो तो गाडीच्या पोटात डोकं घातलेलाच.

मुंबईत तो मोटारींच्या कारखान्यात नकाशे काढायचा. नोकरी सोडून गावी आला तो एकच ध्यास घेऊन... आपल्या घाटात चालेल अशी छोटी गाडी आणि तिच्यासाठी हलकं इंजिन. रेडिएटर, पाणी, नळ्या, सगळं वजन त्याने काढून टाकलं. सिलिंडरला बाहेरून ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या ठेवल्या, म्हणजे धावत्या गाडीचा वारा लागून इंजिन गार राहील. तयार झाल्यावर मी आणि वहिनींनी ते उचलून अंगणात आणलं. अण्णा इतका खूश, की आम्हाला स्वतः चहा करून दिला. तो चहा मात्र पिण्यासारखा नव्हता.

जुन्या गाडीत ते बसवून आम्ही तिघं आंबेनळी घाटाला लागलो. इंजिन वरपर्यंत चढलं, तर मुंबईचा एक कारखानदार ते पाहायला येणार होता. पाण्यासाठी थांबलेल्या गाड्या मागे टाकत आम्ही अर्धा घाट चढलो. तिथे देवीचं ठाणं. नारळ फोडल्याशिवाय वहिनी पुढे जाऊ देईनात. अण्णाने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं, कारण हँडल मारून ते पुन्हा सुरू करणं जिकिरीचं होतं.

नारळवाली म्हातारी म्हणाली, "गाडी तापली हाय रे, पानी घाल ना!"

"हिला पाणी लागतच नाही, आजी," अण्णा ऐटीत म्हणाला आणि हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात इंजिन खाडकन बंद पडलं. पिस्टन जाम! उभ्या गाडीला वारा कुठला? आणि वजन वाचवायला पंखा त्याने बसवलाच नव्हता.

वहिनी रडू लागल्या, "माझ्या नारळापायी झालं हे."

अण्णाने बॉनेट उघडून आत पाहिलं, मग म्हणाला, "अगं, इथे गाडी थांबणारच. मी याच रस्त्यावरचा, मला हे कळायला नको?"

कारखानदार आला नाही. पुढे अण्णाने पंखा बसवला. गाडी देवीपाशी थांबली तरी इंजिन बंद पडलं नाही आणि घाटही चढलं, पण ते पाहायला आम्ही दोघीच होतो. याचं मला अजून फार वाईट वाटतं. तो मात्र कुरकुरला नाही, लोकांचे पंप दुरुस्त करत राहिला. फक्त एक सवय लागली. कुणाच्याही गाडीने गेला तरी ठाण्यापाशी आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा, मग हात जोडायचा. "देवी तिकडे आहे," वहिनी चिडवायच्या.

परवा वहिनींना टॅक्सीने वाईला, माहेरी पोचवायला निघाले. ठाण्यापाशी गाडी थांबली. नारळ माझ्या हातात होता. वहिनी दोन पावलं चालल्या आणि माघारी वळल्या. बॉनेटवर तळहात ठेवून जराशा उभ्या राहिल्या.

मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "इंजिन बंद कर रे."