कोरड्या पात्रातून हलवलेली शाळा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या सीमेजवळ, पूर्णेच्या वळणात एक लहान गाव आहे. आषाढ लागला की पुढे नदी आणि मागे भरलेला नाला, यांच्यामध्ये ते बेटासारखे उरते. काळ्या मातीची वाट तेव्हा बैलगाडीलाही सोडीत नाही. सेवानिवृत्तीनंतर मी श्रावणातली पोथी वाचावयास दर वर्षी वाट बंद होण्याआधीच तेथील महादेवाच्या देवळात जातो आणि पाणी उतरेपर्यंत तेथेच राहतो.

त्या गावाची एक रीत मला पूज्य वाटत आली आहे. चौथीपर्यंतच्या शाळेचे मास्तर पावसाळ्यात गावातच अडकत, म्हणून त्यांचे जेवण घरोघरी पाळीने चाले. ज्या घरची पाळी, ते घर सकाळीच अंगण सारवून ठेवी. कोणी सांगितले म्हणून नव्हे. विद्या दाराशी येणार म्हणून.

एका माघात, शिवरात्रीसाठी मी गावात असताना, अमरावतीचे एक सांस्कृतिक मंडळ तेथे ‘संस्कृती’ घेऊन आले. संस्कृती ही टेम्पोतून उतरवून घेण्याची वस्तू आहे, असा त्या सज्जनांचा प्रामाणिक समज होता. शाली आणि नारळ त्यांनी बरोबर आणले होते. परंतु गावात ओळखीचे कोणीच नसल्यामुळे त्यांनी एकमेकांचेच सत्कार केले. गावच्या भजनी मंडळाला पाहुण्यांच्या भोजनाची वेळ देण्यात आली. टाळ वाजत होते आणि मठ्ठा वाढला जात होता.

प्रमुख पाहुणे शिक्षण खात्यातले एक साहेब होते. जेवणानंतर शतपावलीसाठी ते नदीकडे गेले. त्या ऋतूत पूर्णेच्या पात्रात वाळूच असते. पायातले बूटही न काढता ते पैलतीरी गेले, तेथील मोठी शाळा पाहिली आणि प्रसन्न होऊन परतल्यावर मला म्हणाले,

“अहो गुरुजी, हाकेच्या अंतरावर शाळा आहे की. मूठभर मुलांसाठी इथे वेगळे मास्तर कशाला?”

“साहेब, एकदा आषाढात येऊन पाहावे.”

“आषाढात इथे कोण येणार?” असे म्हणून ते हसले. मंडळही हसले. आपलाच युक्तिवाद आपण खोडून काढला, हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. त्यासाठी लागणारी बुद्धी सत्काराच्या शालीबरोबर मिळत नसते.

नव्या वर्षी शाळा पलीकडे गेली. पाऊस आला; मास्तर त्या तीरावर आणि मुले या तीरावर राहिली. अभिषेक आटोपला की मी सभामंडपात मुलांना बसवू लागलो. वाचन, पाढे, थोडी स्तोत्रे. असे काही दिवस गेल्यावर तिसरीतल्या एका मुलीची आई सासूला घेऊन देवळात आली.

“महाराज, तुमी शिकवनं बंद करा.”

“का बाई?”

“साहेबाले फोन केला म्या. थे म्हनते, गावात शिकवनं चालूच हाये, मंग काहून बोंबलून राहिले? तुमी बसान तवरी मास्तर येत नाही. अन् तुमी का आमाले जलमभर पुरनार हाये?”

“महाराजाले असं बोलतेत काय वं?” सासू दटावून म्हणाली.

“नाही बोलत. पोट्टीले बकऱ्यामांगं पाठवतो.”

त्या बाईचे म्हणणे निर्दोष होते. माझ्या सेवेचा त्या खात्याने आपल्या आळसाला टेकू केला होता. मी पाठ थांबवला.

पावसाने उघडीप दिली, नाला ओसरला, तेव्हा मुले, त्यांच्या आया, ती सासू आणि मी अमरावतीस गेलो आणि साहेबांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बसलो. साहेब बाहेर आले.

“गुरुजी, आपल्यासारख्या व्युत्पन्न माणसाला हे शोभते का?”

“येथे बसणे शोभते. न शोभणारे आत चालते.”

साहेब मग आयांकडे वळले. मुलांना इकडे वसतिगृहात ठेवू, शहरात नाटके होतात, वाचनालये आहेत, मुलांवर संस्कार होतील, असे त्यांनी फार गोड शब्दांत समजावले.

“तुमची पोट्टी कोन्या वसतिगृहात हाये, साहेब?” तिसरीतल्या मुलीच्या आईने विचारले.

साहेब आत गेले. दुपार सरली. बायांनी भाकरीची गाठोडी सोडली, मुले जेवली आणि दमून दारातच आडवी झाली. कचेरी सुटण्याच्या वेळी साहेब डबा घेऊन निघाले, तो उंबऱ्याशी मुले निजलेली. त्यांना ओलांडल्यावाचून पाऊल टाकावयास जागा नव्हती.

“उठवा यांना,” ते म्हणाले.

“तुमीच उठवा,” सासू म्हणाली. “आमी त मास्तर आल्यावर उठवनार.”

साहेबांनी घड्याळ पाहिले. मग मागे फिरून त्यांनी कारकुनाला हाक मारली आणि मास्तरांना गावात परत पाठवण्याच्या आदेशावर सही केली. त्यांना काही उमगले होते, असे मी म्हणणार नाही. घरी जाण्यास उशीर होत होता, इतकेच.