अर्धलीची गाडी

धुळानं पाय उचलला आन गाडी भिवघाटाच्या उताराला मोकळी सोडली. म्होरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा हुता बेचाळीस. पयल्या वळनाला त्रेचाळीस झाला, उतरताना बॅटरी आपसूक भरती. धुळा गालातल्या गालात हासला. त्येला वाटायचं, गाडी चरतीया. चढाला दमती, माळावर निवांत चालती, आन उतार लागला की मान खाली घालून चरत चरत घराकडं येती. मेंढरं बी तशीच. वस्ती दिसाय लागली की जाता जाता चार घास जास्तीच वडत्यात.

काच खाली हुती. गाडीला आवाज न्हाई, म्हनून बाकीचं सगळं ऐकू यायचं. होला घुमायचा. वाळल्या गवतातनं वारं जायचं. मागं पठारावर पवनचक्क्या फिरत हुत्या, लांबनं बगितलं तर झोपेत हात हालवनाऱ्या मान्सावानी. धुळाला कवा कवा वाटायचं, आपन गाडीत न्हाईच. आपन नुसतंच बसलोय, आन डोंगूर मागं चाललाय.

आता धुळा कोन ते सांगतो. खरसुंडीच्या पल्याड माळावर धनगराची चार घरं हायत, त्यातलं एक त्येचं. त्या घरात पगार आननारा ह्यो पयला मानूस. बारावीनंतर दुधाचा कोर्स केला आन विट्याच्या एका डेअरीत लागला. सकाळी सातला दुधाचा पयला टँकर दारात उभा ऱ्हातो. धुळानं नमुना घेऊन फॅट लावल्याबिगर त्यातला एक थेंब आत जात न्हाई. लोकं म्हनायची, नळीत दूध घालून हालवायचा पगार घेतोय. म्हनू देत. ती नळी त्येंच्या हातात दिली तर फोडून ठेवतील.

घर ते विटा बेचाळीस किलोमीटर. चार वरसं त्येनं मोटरसायकलीवर काढली. थंडीत बोटं वाकायची न्हाईत, आन कंबर तर म्हाताऱ्याची झाली. दोनदा उशीर झाला. एकदा पंक्चर, एकदा घाटात उसाची ट्रॉली आडवी. दुसऱ्या खेपंला डेअरीच्या जयराज सायबानं आत बलीवलं.

"धुळा, तू मानूस चांगला हायस. पर दारात दूध तापतंय. आता एकदा जरी उशीर झाला, तर गप विट्यात ऱ्हायाला यायचं. खोली डेअरी देती."

"आन न्हाई आलो तर?"

"मंग मला दुसरा मानूस बगू दे."

साहेब वाईट न्हाई. पर विट्यात खोली म्हंजी काय, ते त्येला काय ठावं? वस्तीवर चाळीस मेंढरं हायत. दिवसभर ती धुळाचा बाप भाऊसो चारून आनतो. घरात त्येला सगळी आबाच म्हनत्यात. पर आबाची नजर अधू झालीया. सांजंला मेंढरांभवती जाळी लावायची, कोन लंगडतंय ते बगायचं, पहाटं कोकरू आईखाली पाजायला सोडायचं, ही कामं धुळाचीच. आबानं एकदाच सांगितलं हुतं, "जा की विट्याला. मी अडवत न्हाई. तू गेलास त्या दिशी यापारी बलीवतो, मेंढरं त्येच्या गाडीत घालतो, झालं." आबा बोलला म्हंजी तसंच करनार, ह्ये सगळ्यांस्नी म्हाईत.

त्याच महिन्यात डेअरीनं कामगारांसाठी विजेवरच्या गाड्या लीजनं द्यायचं ठरीवलं. धुळानं सगळ्यांच्या आदी सही केली.

घरी सांगितलं तवा आबा काठी मांडीवर आडवी टाकून बसला हुता.

"गाडी कुनाची?"

"कंपनीची."

"मंग आपल्या दारात कशाला?"

"तीन वरसं आपन वापरायची, भाडं पगारातनं जातंय. मंग परत द्यायची."

आबानं जरा इचार केला. "म्हंजी अर्धलीची मेंढी. जनावर दुसऱ्याचं, राखायचं आपन, आन पिल्लं निम्मी निम्मी."

"तसंच समजा."

"पिल्लं हायत?"

"पिल्लं न्हाईत आबा."

"लोकर?"

चुलीपाशी धुळाची बायको सृष्टी हुती, ती पदर तोंडात कोंबून हासली. "मामंजी, लेंड्या बी पडत न्हाईत."

"मंग असलं जनावर राखून तुमास्नी मिळनार काय?"

"मी रोज सांजंला घरी येनार," धुळा म्हनला.

आबानं मांडीवरची काठी भितीला टेकवली. मंग म्हनला, "आन की मंग."

गाडी आली, पांढरी. चारी घरातली पोरं-बायका गोळा झाली. नवं जनावर दारात आलं की आमच्याकडं त्येच्या पायावर पानी घालत्यात, कपाळाला भंडारा लावत्यात आन चिमूटभर भंडारा तोंडात देत्यात, म्हंजी त्येनं ह्या घराचं अन्न आपलं मानावं. सृष्टीनं चारी चाकांवर पानी घातलं. आबा पिशवीतनं भंडारा काढून म्होरं आला आन गाडीला हात लावत फिरला.

"हिचं तोंड कुटंशी?"

"आवं आबा, गाडीला तोंड नसतंय."

"मंग खाती कुटनं?"

धुळानं चार्जिंगची झडप उघडून दावली. "हितनं."

"तोंडच की मंग," आबा म्हनला, आन अडवायच्या आत चिमूट आत सोडली बी. सगळी हासली. धुळानं फुंकर मारून झडप लावली. पर आबाच्या मनात ते बसलं. दर ऐतवारी, द्येवाच्या वाराला, मेंढरं सोडायच्या आदी आबा गाडीपाशी जायचा, झडप उघडायचा, आन बोटावरचा भंडारा तोंडाला लावायचा. धुळानं दोनदा नगं म्हनून सांगितलं. तिसऱ्या ऐतवारी सांगायचं सोडलं. येवढं निर्मळ काम करनाऱ्या मान्साला कितींदा नगं म्हनायचं?

ती हिवाळ्याची अखेर धुळाच्या जल्मातली सगळ्यात गोड. पहाटं कोकरांस्नी पाजून तो निघायचा. माळावर धुकं असायचं. धुक्यातनं गाडी अशी जायची की रस्त्याकडंची मेंढरं मान बी वर करायची न्हाईत. समोरनं येनारी मेंढरं तर बाजूलाच सरायची न्हाईत, आवाजच न्हाई म्हनल्यावर त्येंस्नी कळनार कसं? धुळा थांबायचा. कळप गाडीला दोनी अंगानं घासत निघून जायचा, लोकरीचा वास आत यायचा, आन त्येला वाटायचं आपन ल्हान हाय, आबाच्या खांद्यावर घोंगड्यात हाय, आन मेंढरं कोकनाकडं चालल्यात. मंग मागनं कुनीतरी हॉर्न मारायचं आन विटा आठवायचा.

चैत लागला. उनानं माळ भाजून निघाला.

एका सोमवारी धुळा पहाटं उठला तर भितीवरच्या चार्जिंगच्या पेटीत लाल दिवा. गाडीत आकडा एकवीस. रातभर तिनं एक घास खाल्ला न्हवता. वायर काढली, परत लावली. लाल. झडपंत हातबॅटरीचा उजेड मारला, तर कडंनं सगळं पिवळं. कालच ऐतवार हुता.

"आबा," धुळा म्हनला. आवाज चढला न्हाई, त्येच वाईट. "तुमच्या द्येवानं माझी नोकरी खाल्ली."

आबा जाळी गुंडाळत हुता. त्येचा हात थांबला.

"ह्येच्यासाठीच नगं म्हनत हुतो. जावा आता, बलवा यापाऱ्याला. तुमच्याच हातानं इकली मेंढरं."

असलं त्यो बापाला कवाच बोलला न्हवता. आबानं कंबरंची भंडाऱ्याची पिशवी सोडली, घरात नेऊन द्येवापाशी ठेवली आन परत जाळीशी आला. धुळा निघाला. मोटरसायकल कवाच इकली हुती, आन त्या वक्ताला यष्टी नसती. एकवीसवर विटा गाठायचा, न्हाईतर संपलं.

त्येनं पंखा बंद केला, दिवे बारके केले. भिवघाटाला लागला तवा एकोनीस. गाडी मानसं चालवत्यात तशी न्हवं, गाभन मेंढीला नेत्यात तशी नेली. हळू. मधी थांबायचं न्हाई, दडपायचं न्हाई. प्रत्येक वळनाला आकडा एक पायरी खाली यायचा. माथ्यावर आला तवा नऊ.

वर पठारावर फटफटलं हुतं. पवनचक्क्या राखी उजेडात फिरत हुत्या, शंभर एक असतील, आन खाली एकटी धुळाची गाडी. त्येला वाटलं, येवढी वीज हितं डोक्यावरनं चाललीया, आन मला एक घास मिळंना. मंग भ्याव कुटंतरी गेलं. का गेलं ते त्येला बी सांगता येत न्हाई. वारं मागनं हुतं. काच खाली घेतली, वारं आत घेतलं, आन गाडीशी बोलाय लागला. आबा मेंढरांशी बोलतो तसंच, त्याच आवाजात. "चल बाई. खानापूर आलं. आता थोडं. रेणावीचा उतार लागला की चर मनासारखं."

खानापुरात पाच. रेणावी घाटाच्या तोंडाला तीन, आन पडद्यावर लाल कासव आलं, म्हंजी बॅटरी संपत आली. पलीकडं उतार हुता. पाय उचलला. गाडी आपली आपन सुटली, वाऱ्यावर पीस सुटतंय तशी. खाली विटा झोपेतनं उठत हुता. तीन. तीन. अर्ध्या घाटात चार. खाली पोचला तवा पाच.

सातला तीन मिंटं कमी असताना त्येनं डेअरीच्या दारात गाडी उभी केली. टँकर आलेला हुता. जयराज साहेब घड्याळ बगत दारातच.

"आज अगदी काट्यावर?"

"नेहमीचंच की साहेब." धुळानं मागनं चार्जिंगची वायर काढली. "गाडी हितं लावू का जरा? घरी चार्जिंग झालं न्हाई."

"आज लाव वायर वॉचमनच्या खोलीतनं. पर रोज न्हाई हां धुळा. हितली लाईन मशिनला लागती."

म्हंजी आजचं निभावलं. उद्याचं काय?

आटपाडीचा प्रबुद्ध वायरमन, त्येनंच ती पेटी बसीवलेली. सांजंला धुळा त्येला गाडीतनंच घेऊन आला. प्रबुद्धनं बारक्या ब्रशनं झडपंतला भंडारा झाडला, फडक्यानं पुसून काढला. वायर लावली. हिरवा दिवा.

"झाली का न्हाई चालू," प्रबुद्ध म्हनला. "तोंडात हळद घातल्यावर कोन जेवंल गड्या?"

सृष्टी हासली. धुळा बी हासला, पर त्येनं वळून बगितलं तर आबा लांब मेंढरात पाठ करून बसलेला. ऐकू गेलंच असंल. धुळाच्या मनात आलं, जावं आन चुकलं म्हनावं. पर बाप-लेकात असलं म्हनायची रीत आमच्यात न्हाई. त्यो गेला, मुकाट्यानं जाळीचं दुसरं टोक धरलं, दोघांनी जाळी लावली. आबा येवढंच म्हनला, "त्या काळतोंडीचा पाय बग. काटा हाय." धुळानं काटा काढला.

त्या दिवसापासनं आबानं गाडीला भंडारा लावला न्हाई. ऐतवारी मेंढरांच्या कपाळाला लावायचा आन गाडीवरनं तसाच म्होरं जायचा. एकदा धुळा म्हनला, "आबा, बसा की, खरसुंडीला द्येवाला जाऊन येऊ."

"मला चालाय येतंय."

गाडी मातर त्या रातीपासनं एकदा बी उपाशी ऱ्हायली न्हाई. सगळा उन्हाळा रोज पहाटं भरलेली. उशीर झाला न्हाई, खोली घ्यावी लागली न्हाई, यापारी वस्तीवर आला न्हाई. वैशाखात दोन मेंढ्या याल्या, बेचाळीस झाली. धुळा घाटातनं उतरायचा, आकडा चढायचा, आन त्यो परत त्या गुंगीत जायचा. फकस्त आता त्या गुंगीत आबा असायचा तो पाठमोरा.

मिरगाच्या आदल्या ऐतवारी प्रबुद्ध मीटर घेऊन आला, पेटी तपासायला. आबा मेंढरं घेऊन लांब गेला हुता. पेटीतनं एक हिरवी वायर भितीनं खाली येती आन जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलीया. प्रबुद्ध त्या सळईपाशी उकिडवा बसला.

"धुळा, हितं पानी कोन घालतंय रं?"

"कुनी न्हाई. का?"

"मंग ही हरळी कुटली?"

सगळा माळ करपलेला, आन सळईभवती ताटायेवढी हिरवीगार हरळी.

"अर्थिंगच्या सळईला वल लागती," प्रबुद्ध म्हनला. "जमीन कोरडी पडली की ही पेटी चालू हुत न्हाई, लाल दिवा देती. त्या सोमवारी त्येच झालं असनार. भंडाऱ्याचा काय संबंध न्हाई गड्या, ते कडंला हुतं, पिनांला शिवलं बी न्हवतं. म्या बी बघितलं न्हाई नीट. झाडलं आन चालू झाली, म्हनून म्हनलो भंडाराच."

धुळानं सृष्टीकडं बगितलं. तिनं सांगितलं.

"मामंजी घालत्यात. त्या सोमवारी तुमी बोलून गेला, आन लगीच तांब्या घेऊन आलं. म्हनलं, जनावर खात नसंल तर आदी पानी दाखवाय पायजे. हिच्या तोंडाला तर तुमी हात लावू देत न्हाई, म्हनून ह्या खुट्ट्याशी वतलं. तवापासनं रोज सांजंला, तुमी यायच्या आदी."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"मामंजीच सांगू नगंस म्हनलं. त्येला वाटंल, म्हातारं परत कायतरी बिघडीवतंय."

टेंभूच्या कालव्याचं पानी खालच्या शिवारात आलंय, वर वस्तीवर उन्हाळ्यात टँकरचंच. तो आठ दिवसांनी यायचा आन मानशी मोजून भांडी भरायची. सृष्टीनं पुढचं सांगितलं ते असं, की त्या उन्हाळ्यात आबानं आठवड्यातनं एकदाच अंगूळ केली, आन ती समजत हुती म्हातारपनामुळं कट्टाळा करत्यात.