दत्ताचं ‘झालं’

दत्ता गेल्याची बातमी मला प्रसादरावांनी फोन करून दिली. मेल्यावर दत्ताच्या वाट्याला आलेला हा पहिला अपमान. “माधुरी, आपला दत्ता गेला गं,” असं म्हणाले. आपला! ज्या माणसाला यांनी एका कार्यक्रमानंतर, त्याच दिवशी कामावरून काढलं, तो आता आपला झाला होता. पुढे म्हणाले की गिरणीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवलीय, तू दोन शब्द बोल. मी गेले, पण बोलले नाही. माझे दोन शब्द त्या हॉलमध्ये बोलण्यासारखे नव्हते. ते इथे लिहितेय.

मी आणि दत्ता मुरबाडच्या कॉलेजात एका वर्गात. तो म्हशाजवळच्या गावचा. बाप बैलांचा दलाल, म्हशाच्या जत्रेत त्याचा शब्द चालायचा. पोटापाण्यासाठी आम्ही दोघंही शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका भातगिरणीत चिकटलो. गिरणीच्या माडीवर शेठने कॉम्प्युटरचं ऑफिस काढलं होतं. आसपासच्या गिरण्यांना, दूध संकलन केंद्रांना लागणारे प्रोग्राम तिथे बनायचे. खालून तूस उडायचा, कीबोर्डमध्ये जाऊन बसायचा. महेश आणि आणखी दोघं प्रोग्राम लिहायचे, मी ते तपासायचे आणि दत्ता सगळंच थोडंथोडं करायचा. बरं चाललं होतं. मग शेठचा जावई, म्हणजे हेच प्रसादराव, ऑफिसात आला. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, तो आमच्याच पत्रिकेत पडला.

प्रसादराव मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि म्हणाले, आजपासून आपण स्क्रम करायचं. पद्धत वाईट नव्हती, हे मी आजही सांगते. कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, त्याला स्प्रिंट म्हणायचं. काय हवं आणि आधी काय, नंतर काय, हे प्रॉडक्ट ओनरने सांगायचं. त्यातलं किती उचलायचं हे मात्र काम करणाऱ्यांनी ठरवायचं. रोज सकाळी उभ्या-उभ्या सांगायचं की काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. आणि स्क्रम मास्टर नावाच्या माणसाने त्या अडचणी दूर करायच्या, नियम मोडू द्यायचे नाहीत, मोडणारा शेठ असला तरी. यातलं शेवटचं वाक्य प्रसादराव शिबिरात झोपले असताना सांगितलं गेलं असावं. प्रॉडक्ट ओनर अर्थातच ते स्वतः झाले, कारण त्यात ओनर हा शब्द होता. स्क्रम मास्टर म्हणजे वर्गाचा मॉनिटर असा त्यांचा समज, म्हणून मोठा आवाज बघून दत्ताला नेमलं. इथेच त्यांचं चुकलं. दत्ताने ती जागा खरी मानली.

कोणत्या कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज सगळ्यांनी एकदम सांगायचा असतो, म्हणजे कोणी दुसऱ्याचं ऐकून आकडा बदलत नाही. प्रसादरावांनी त्यासाठी आकडे छापलेले पत्ते मागवले. पण आमच्याकडे शेठचा जावई समोर बसला की सगळ्यांच्या हातातून एक नाहीतर दोनचाच पत्ता पडायचा. मोठ्या माणसासमोर जड आकडा काढायचा म्हणजे उर्मटपणा, अशी आमची शिकवण. दत्ताने ते पत्ते गुंडाळून ठेवले आणि बापाचं उपरणं आणलं. म्हशाच्या जत्रेत बैलाचा सौदा उपरण्याखाली होतो. हाताला हात लावायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही. तसंच आम्ही एकेकाने दत्ताचा हात धरून बोटं दाबायची आणि त्याने सगळ्यांचे आकडे एकदम मोठ्याने म्हणायचे. कुणाचा कुठला ते नाही सांगायचं. पहिल्याच दिवशी ज्या कामाला सगळे दोन म्हणाले होते त्याला आठ निघाले. प्रसादरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःचाच हात उपरण्याखाली घातला. दत्ताने तो हात तसाच धरून बाहेर काढला.

“सायेब, तुमी गिऱ्हाईक. काय पायजे ते तुमी सांगा, पयलं काय तेबी तुमीच सांगा. पन किती टाइम लागंल ते वढणारा सांगंल.”

आम्ही हसलो. प्रसादराव हसले नाहीत, आणि अशा माणसाच्या न हसण्याला घाबरायचं असतं हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

मग टोकनचं काम आलं. हंगामात आमच्याच गिरणीवर डोळखांबकडच्या पाड्यांवरून लोक भात घेऊन यायचे, टेम्पोत, बैलगाडीतून, आणि नंबरावरून मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून ठरलं की दोन टेबलांवरून कॉम्प्युटरने नंबर द्यायचा, ज्याची पाळी त्याचं भात. दत्ताने भिंतीवर खडूने लिहिलं होतं की ‘झालं’ कधी म्हणायचं: दोन्ही टेबलांवर चाललं, लाईट जाऊन आली तरी नंबर चुकला नाही आणि माधुरीने तपासलं, तर. तेव्हा लाईट रोजच जायची. मी प्लग उपटून बघितला, तर परत चालू झाल्यावर आधीचेच नंबर पुन्हा निघायला लागले. सकाळच्या बैठकीत सांगितलं, महेशने दुरुस्तीला घेतलं. आणि उद्घाटन तोंडावर आलेलं असताना जावईबापूंनी महेशला एकट्याला गाठून सांगितलं की टोकनावर शेठचा फोटो पाहिजे. आधी फोटो. स्प्रिंट चालू असताना मध्येच काम घुसवायचं नाही हे शिकवणारे तेच, आणि मागच्या दाराने घुसवणारेही तेच. महेशची नोकरी नवीन होती, बिचारा फोटो करत बसला.

उद्घाटनाला मांडव घातला होता. शेठ, पाहुणे, हार. बाहेर भाताची पोती घेऊन माणसं सकाळपासून उन्हात उभी. प्रसादरावांनी माइकवर दत्ताला बोलावलं आणि लाडात विचारलं, “सांगा स्क्रम मास्टर, काम झालं ना?” त्याने ‘झालं’ म्हणायचं होतं. एवढंच. म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती, वर बढती मिळाली असती. लग्न ठरलेलं होतं, घरात दुसरी मिळकत नव्हती, म्हातारा बाप आता जत्रेला जाईनासा झाला होता. मी खाली बसून मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, म्हणून टाक...

“नाय झालं,” दत्ता म्हणाला. “फोटो झालाय.”

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. दत्ता पुढे म्हणाला की लाईट गेली तर नंबर चुकेल, आज कागदाच्या चिठ्ठ्या द्या, आम्हाला थोडे दिवस द्या. प्रसादरावांनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि नारळ फोडला. दुपारी लाईट गेली. आल्यावर एकाच पाड्यावरच्या दोन घरांना एकच नंबर मिळाला, दोघांच्या हातात शेठचा हसरा फोटो, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. प्रसादराव ओट्यावर उभे राहून लोकांना सांगत होते की प्रोग्राम दत्ताचा आहे. दत्ता तेव्हा गर्दीत उभा राहून हाताने चिठ्ठ्या लिहीत होता. शेवटचं पोतं आत गेल्यावर त्याला वर बोलावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

शोकसभेत हेच प्रसादराव डोळे पुसत म्हणाले, दत्ताला स्क्रम मी शिकवलं. असा कोडगेपणा अंगात असायलाही नशीब लागतं.

दत्ताचं काही अडलं नाही. गावाहून जाऊन-येऊन ठाण्यात चांगल्या कंपनीत लागला, पुढे मलाही तिथे ओढलं. तिथे म्हणायचे, दत्ता झालं म्हणाला म्हणजे बघायलासुद्धा जाऊ नका. घरीही तेच. त्याची बायको रंजना शोकसभेला आली नाही, म्हणून मी तिच्याकडे गावी गेले. संध्याकाळची वेळ होती. ओट्यावर बसलो. ती सांगायला लागली. त्याला चालताना धाप लागायची, खांदा दुखायचा. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कल्याणला जाऊन हृदय तपासून ये. त्या दिवशी तो सकाळी निघाला, रात्री आला.

“मी इचारलं, झालं का तपासून? म्हनाले, झालं,” रंजना म्हणाली. “त्यांचं झालं म्हंजे झालंच असायचं गो. परत कशाला इचारू?”

तो कल्याणला उतरलाच नव्हता. हृदय बंद पडून गेला त्या दिवशी डॉक्टरांनीच तिला विचारलं की तपासण्या का नाही केल्या, तेव्हा तिला कळलं. आणि तिने कल्याणचा दिवस सांगितला त्याच वेळी मला आठवलं होतं, त्या दिवशी तो ठाण्याच्या ऑफिसात होता, आमचं काम बघायला गिऱ्हाईक येणार होतं म्हणून. दिवसभर माझ्या शेजारी बसला होता. प्रसादरावांचा मला राग येतो, पण त्यांच्याकडून माझी अपेक्षाच नाही. तुझ्यावरचा राग कुठे नेऊन ठेवू, दत्ता? भरल्या मांडवात शेठसमोर नाही म्हणालास आणि घरच्या ओट्यावर, जी तुझ्या शब्दावर डोळे मिटून चालायची तिला... गाढवा, तिच्यापाशी तरी खरं बोलायचंस.

मी रंजनाला ऑफिसचं काही सांगितलं नाही. अंधार पडायला लागला होता. तिने आत हाक मारली, “आई, कोंबड्या झाकल्या का?” आतून सासू म्हणाली, “झाल्या गो झाकून.” रंजना उठली, परसात गेली, खुराड्याची फळी हाताने हलवून बघितली आणि मग येऊन माझ्याजवळ बसली.