न बोलावलेली कुमारिका

ती अष्टमी आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. हातातला चहा तसाच ठेवून मी गॅलरीत फेऱ्या मारू लागतो, आणि बायको ओळखते की आज पुन्हा 'ती मुलगी' आठवली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्या फायली बंद झाल्या तशा डोक्यातूनही गेल्या. ही फाइल एका दिवसात बंद झाली, पण डोक्यातून जायला तयार नाही.

तेव्हा मी देवासला ठाणेदार होतो, आमच्याकडे टी.आय. म्हणतात. आश्विनातल्या नवरात्रात देवासच्या पोलिसाला घरदार नसतं. टेकडीवर देवीच्या दर्शनाला माणसांचा लोंढा, पायथ्याशी फुलांची दुकानं, भोंग्यांवर भजनं. अर्धा स्टाफ बंदोबस्तात आणि उरलेला अर्धा लोकांची हरवलेली आजोबा मंडळी शोधण्यात. त्या अष्टमीला सकाळी साडेदहाच्या सुमारास एक गृहस्थ धापा टाकत ठाण्यात आले. मराठीच होते, एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला. त्यांची दहा वर्षांची मुलगी, पाचवीतली, सातला युनिफॉर्म घालून घरातून निघाली होती. दसऱ्याच्या सुटीआधीची पालकसभा होती. हे शाळेत पोचले, तर मुलगी शाळेत आलीच नव्हती.

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की वाट बघत बसायची मुभा आम्हाला नसते. अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल केला, फोटो कंट्रोल रूमला पाठवला, बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनला माणसं धाडली. मुलीच्या आईला घरीच थांबायला सांगितलं, न जाणो मुलगी परत आली तर. वायरलेसवर वर्णन मी स्वतः दिलं: निळा युनिफॉर्म, दोन वेण्या, पाठीवर दप्तर, रडत असण्याची शक्यता. यातली शेवटची भर माझ्या पदरची होती. वीस वर्षांच्या अनुभवाचा शहाणपणा.

अकरा वाजता टेकडीच्या पायथ्याच्या एका फुलवाल्याचा फोन आला. "साब, मेरी दुकान के पीछे स्कूल का बस्ता पड़ा है।"

आमच्या महिला हवालदार ते दप्तर घेऊन आल्या. मी टेबलावर उघडलं. वह्या, डबा, आणि सगळ्यात वर निळा युनिफॉर्म. मूल नाही आणि मुलाचे कपडे आहेत, हे पाहिल्यावर पोलिसाच्या मनात एकच विचार येतो. माझ्याही मनात तोच आला. वडील खुर्चीवरून उठले, आणि पुन्हा बसताना खुर्ची सोडून खालीच बसले.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाल्या, "कपड्याची घडी बघा."

मी त्यांच्यावर खेकसलो. घड्या कसल्या बघायच्या या वेळेला! शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर आणून बसवला होता, तो मला जास्त महत्त्वाचा वाटत होता.

तो पंचविशीचा पोरगेला माणूस. चौकशीचा माझा एक ठरलेला रिवाज होता: समोरच्याला उभं ठेवायचं, आपण बसायचं आणि तोच प्रश्न पाचदा विचारायचा. पाचही वेळा त्याचं उत्तर एकच होतं. "भिया... नी, साब, बच्ची ने बोला आज पप्पा छोड़ेंगे, तो मैं निकल गया।" सहाव्यांदा मी आवाज चढवला तेव्हा तो रडायला लागला आणि रडता रडता बोलून गेला, "रोज मेरे बगल में आगे बैठती थी। इस हफ्ते सबसे पीछे बैठी। मैंने पूछा क्या हुआ, तो बोली कुछ नी भिया।"

मी ते रोजनाम्यात लिहून घेतलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. कॅमेऱ्यांचं फुटेज बघणाऱ्या दोघांना मी विचारत राहिलो, "निळा युनिफॉर्म दिसला?" आणि ते मान हलवत राहिले. युनिफॉर्म माझ्या टेबलावर पडला आहे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

दप्तराच्या तळाशी गणिताची उत्तरपत्रिका सापडली. चाळीसपैकी अकरा. खाली पालकांची सही. वडिलांनी ती बघितली आणि म्हणाले, "ही सही माझी नाही."

"काल घरी काय झालं?" मी विचारलं.

"बाईंचा मेसेज आला, तेव्हा मला मार्क कळले." बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "साहेब, माझं कामच चुका काढायचं आहे. पार्ट हातात घेतला की कुठे चुकलंय ते मला लगेच दिसतं. काल तिला म्हणालो, उद्या बाईंसमोर तूच सांग तुझ्यात काय काय कमी आहे ते. यादी करून आण."

"केली तिनं?"

"माहीत नाही. मी झोपायला गेलो."

मला त्यांचा राग आला. आणि लगेच आठवलं, माझी मुलगी नववीत असताना तिच्या प्रगतिपुस्तकाला मी 'चार्जशीट' म्हणत असे, आणि घरातले सगळे हसत. ती हसत होती का, ते आठवेना.

धारला या मुलीची आजी होती, वडिलांची आई. मुलगी इंदूरची बस धरून तिकडे गेली असेल म्हणून मी धारच्या ठाण्यातून एक शिपाई त्यांच्या घरी पाठवला होता. त्यानं फोन आजींच्या हातात दिला.

"इथे नाही हो आली," आजी म्हणाल्या. आवाज ठाम होता, शब्द जुन्या वळणाचे. "बाळीनं अंगात काय घातलंय?"

"युनिफॉर्म घालून निघाली होती. तो दप्तरात सापडलाय."

"मग परकर-पोलकं घातलं असेल. लाल खणाचं. मीच शिवून धाडलंय नवरात्रासाठी. कपाटात आहे का बघायला सांगा सूनबाईला."

मी हवालदारांना मुलीच्या आईला फोन लावायला सांगितला. कपाटात परकर-पोलकं नव्हतं.

"तर मग रडत काय बसलात सगळे?" आजींनी मलाच झापलं. "आज अष्टमी. परकर नेसलेली पोर दारात उभी राहिली तर तिला जा कोण म्हणणार? जेवायला गेली असेल कुमारिका म्हणून."

मला सकाळचं आठवलं. सकाळी घरातून निघताना बायको कुरकुरत होती, की नऊ मुली सांगितल्या होत्या, सहाच आल्या. बाकीच्या वाटेतच लोकांनी ओढून नेल्या. अष्टमीला आमच्या माळव्यात हेच चालतं. गल्लीत दिसेल ती मुलगी हाताला धरून घरात न्यायची, पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरी-खीर वाढायची. तिचं नाव कोणी विचारत नाही. देवीला कोण नाव विचारणार? सगळं शहर लहान मुलींना हाताला धरून घरात नेत होतं आणि मी रडणारी मुलगी शोधत होतो.

हवालदारांनी युनिफॉर्म माझ्यापुढे सरकवला. बाहीवर बाही, मध्ये बेल्ट गुंडाळून ठेवलेला. पुन्हा घालायचा आहे, अशी घडी होती ती. मी त्यांची तिथेच माफी मागितली.

टेकडीखालच्या गल्ल्या आम्ही वाटून घेतल्या. प्रश्न बदलला. 'मुलगी हरवलेली दिसली का' हे बंद, "आपके यहाँ बिना बुलाए कोई कन्या आई थी?" असं विचारायला लागलो. चौथ्याच घरी उत्तर मिळालं. "आई थी नी! लाल परकर वाली। बड़ी सयानी।" त्या घरातून पुढच्या घरी, तिथून मागच्या गल्लीत. एके ठिकाणी तिनं आरती म्हटली होती, एके ठिकाणी एका लहान मुलीला भरवलं होतं. वडील माझ्यामागे जवळजवळ पळत होते. प्रत्येक घरात त्यांच्या मुलीचं कौतुक होत होतं आणि प्रत्येक कौतुकाला ते अधिकच गप्प होत होते.

दोनच्या सुमारास तिच्या सहाव्या घरात ती सापडली. ओसरीवर नऊ पाट आणि टोकाला एक जादा चटई. चटईवर ती बसली होती, पायांना आळता, कपाळभर कुंकू. वडील पुढे झेपावले, तशी घरच्या वृद्ध बाईंनी हात आडवा केला.

"साब, जीमती कन्या को नी उठाते। पूरा जीम ले, फिर ले जाजो।"

जेवत्या कुमारिकेला पानावरून उठवायचं नाही. मी वर्दीत होतो, गुन्हा दाखल होता, मुलगी समोर होती; तरी मी थांबलो. वडीलही थांबले. मुलीनं वर पाहिलं. पुरीचा तुकडा हातातच राहिला आणि चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं. आता हे काय विचारतात, याचीच ती वाट बघत होती. मीही वाट बघत होतो. हा माणूस आत्ता चुकला तर ही मुलगी मिळूनही मिळणार नव्हती.

ते तिच्यासमोर खाली बसले.  मग म्हणाले, "खीर गोड झालीय का गं?"

ती बघतच राहिली. मग वाटी थोडी त्यांच्याकडे सरकवून म्हणाली, "तुम्ही पण खाऊन बघा."

तिथे मात्र मला उभं राहवेना. मी बाहेर येऊन जीपला टेकलो.

संध्याकाळी आईच्या शेजारी बसवून तिचा जबाब घेतला. महिला हवालदारांनी विचारलं, सहा घरं कशासाठी? ती म्हणाली, "तिथे कोणी काही विचारत नाही ना, आंटी. आपण नुसतं बसायचं."

पुढे सगळं फार बदललं असं मी सांगणार नाही. गणितात ती चमकली नाही. आजी धारहून रोज फोनवर तिचा अर्धा तास अभ्यास घेऊ लागल्या, आणि शाळेतल्या बाईंनी मार्कांचे मेसेज बंद करून पालकांना बोलावून घ्यायला सुरुवात केली. वडील मला कधी भेटले तर एवढंच सांगत, "आज अमुक जेवली." व्हॅनच्या ड्रायव्हरच्या घरी मी स्वतः माफी मागायला गेलो. त्याला पहिल्या दिवसापासून जे दिसत होतं, ते आम्हा सगळ्यांना दिसायला हवं होतं. मूल पुढची जागा सोडून मागे बसायला लागतं, ती खरी पहिली खबर असते. गुन्हा बराच नंतर दाखल होतो.

एक प्रश्न मात्र जबाबात नाही. ठाण्यातून निघताना मी तिला सहज विचारलं होतं, "बेटा, आम्ही आलो नसतो तर त्या घरानंतर कुठे जाणार होतीस?" ती विचार करू लागली. खरंच विचार केला तिनं. मग अंगठ्यानं पायाचा आळता घासत म्हणाली, "सगळीकडचं जेवण संपत आलं होतं."

नवरात्रातल्या अष्टम्या वर्षाला दोन येतात. बाकीच्या दिवशी मुलं कुठे जातात, ते मला कळत नाही. म्हणून मी उठतो आणि फेऱ्या मारतो.